साहेबराव आप्पांचा राहिलेला बॉल

"मॅट ओलांडू नका. वळसा घालून या."

साहेबराव आप्पांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. टीममध्ये येऊन त्यांना अर्धा तासही झाला नव्हता आणि हे मला, टीमच्या विकेटकीपरला, माझ्याच गावच्या मैदानावर सुनावत होते. मी एसटीतला कंडक्टर. दिवसभर लोकांना पुढे सरका, मागे सरका सांगणारा माणूस. मला कुणी कुठून चालायचं ते शिकवावं, हे मला खपण्यासारखं नव्हतं. तरी मी वळसा घातला. आवाजात दरडावणी अजिबात नव्हती. घरात कुणी झोपलं असलं की आपण जसं हळू सांगतो, तसं ते बोलले होते.

परवा त्यांच्या दहाव्याला कवठे येमाईला जाऊन आलो. विधी उरकल्यावर त्यांच्या मुलानं मला बाजूला घेतलं. "मामा, आप्पांची ती मॅट कुठं ठिवलीय? घरात न्हाई, गुऱ्हाळावर न्हाई. ते गेले त्या सांजंला तुमीच शेवटी त्यांच्यासंगं व्हता."

मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खरंच आहे. मॅट कुठे ठेवली ते मला माहीत नाही. ती कशी गेली तेवढं मी पाहिलं आहे, आणि ते त्या पोराला सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून इथे लिहितो.

आमचं मैदान म्हणजे खुटबावला रेल्वेलाइनच्या कडेचा माळ. मुरूम दाबून केलेली खेळपट्टी, तिच्यावर काथ्याची मॅट अंथरायची आणि दोन्ही टोकांना वीतभर लांबीचे लोखंडी खिळे ठोकायचे. उन्हाळ्यात रविवारी दौंडच्या रेल्वे कॉलनीची टीम पॅसेंजरनं यायची आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत जायची. अशाच एका रविवारी आमचा अकरावा गडी आला नाही, त्याला मुलगी दाखवायला नेलं होतं. कुणीतरी शेजारच्या गुऱ्हाळावरून गुळव्याला धरून आणलं. गुळव्या म्हणजे काहिलीतला रस कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. हा साहेबराव, मूळचा कवठे येमाईचा. वाडवडील मेंढरं घेऊन हिंडायचे, बापानं शेत धरलं, आणि हा गुळाच्या कामाला आमच्याकडे येऊन राहिलेला. उंच, काळा, अनवाणी. बोटांच्या टोकांवर कातडीचे जाड घट्टे. काकवीचा थेंब पाण्यात सोडून, दोन बोटांत वळून त्याची गोळी होते का ते बघणं, हे त्या बोटांचं रोजचं काम.

त्याला मिड-ऑनला उभं करायचं ठरलं होतं. पण आमच्या बॉलरांना मार बसायला लागला तेव्हा कॅप्टन वैतागून म्हणाला, "घ्या, तुम्हीच टाका आता." साहेबरावांनी चेंडू हातात घेतला आणि दोन बोटांत वळून बघितला, काकवीची गोळी बघावी तसा. मग जो बॉल टाकला तो इतका संथ होता की मला हसू आलं. समोरचा फलंदाज दोन पावलं पुढे आला, बॅट फिरवली, आणि बॅट फिरून झाल्यावर चेंडू पडला. मी बेल्स उडवल्या. फलंदाज तिथेच उभा, हवेत एका जागी बोट दाखवत मला म्हणाला, "तिथं थांबला होता हो बॉल."

मी त्याची टर उडवली. पुढे सगळ्या सीझनभर स्टंपांच्या मागे बसून मीही तेच पाहिलं. चेंडू वर जायचा आणि कुठल्याशा एका जागी क्षणभर काहीतरी आठवल्यासारखा थबकायचा. डोळ्यांचा खेळ असेल. संध्याकाळचं तिरपं ऊन असेल. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. शिरूर-दौंड रस्त्यावर इतकी वर्षं एसटी केली, भूत म्हणून कुणी तिकीट मागितलं नाही.

आप्पांच्या खोडी अनेक होत्या. मॅच सुरू व्हायच्या आधी मॅटच्या कडेकडेनं गुडघ्यांवर चालत तिच्यावरून तळवा फिरवायचे. विचारलं तर म्हणायचे, "कुठं दुखतंय का बघतो." अपील त्यांनी जन्मात केलं नाही. नुसते अंपायरकडे वळायचे आणि कचेरीत साहेबासमोर उभा राहिलेल्या माणसासारखे उभे राहायचे. ओरडायचं काम माझं. स्कोअर किती झाला ते त्यांना कधीच ठाऊक नसायचं. आणि बॉल टाकताना ते फलंदाजाकडे बघायचे नाहीत, त्याच्या सावलीकडे बघायचे. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "कंडक्टर, माणूस पाय एकीकडं हलवतो आन् जातो दुसरीकडं. सावलीला तसलं येत न्हाई."

आणि गूळ. ज्याला बाद करतील त्याला ते खिशातून कागदाची पुडी काढून गुळाचा खडा द्यायचे. चिडून चाललेला फलंदाज असला तरी त्याच्यापुढे हात करायचे. "घ्या. उन्हाचं खेळलाय." शिव्या तोंडाशी आलेला माणूस गूळ चघळत तंबूत जायचा. दौंडच्या टीममधल्या प्रत्येकानं त्यांचा गूळ खाल्ला होता, एक वसंतराव सोडून.

वसंतराव मालगाडीचे गार्ड. भीमनगरात लहानाचे मोठे झालेले, नोकरीत इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, मैदानावरही इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. फार मोठे फटके मारायचे नाहीत. साहेबरावांचा बॉल हवेत थबकला की तेही थबकायचे. दोघंही वाट बघायचे. मागे बसून मला अवघडल्यासारखं व्हायचं, दोन जुनी माणसं हळू आवाजात बोलत असताना आपण मध्ये आल्यासारखं.

"साहेबराव, आम्हाला गूळ खायला घाला की एकदा," ओव्हर संपली की वसंतराव म्हणायचे.

"आसा फुकट न्हाई देत. कमवावा लागतो."

"कोणी कमवायचा? तुम्ही की मी?"

साहेबराव हसायचे आणि वरचा खिसा चाचपायचे. वसंतरावांचा खडा त्यांनी वेगळ्या पुडीत ठेवलेला असायचा. दर मॅचला नवा, निवडून आणलेला. संध्याकाळी तो तसाच परत जायचा.

आमच्याकडे एक पद्धत होती. मॅचचा शेवटचा बॉल ज्यानं टाकला आणि ज्यानं खेळला, त्या दोघांनी मिळून मॅट काढायची. बॉलरनं आपल्या टोकाचे खिळे उपसायचे, फलंदाजानं आपल्या. मग मॅटची गुंडाळी करून दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची आणि गुऱ्हाळापर्यंत न्यायची. एकट्याला ती उचलायची नाही. मैदानावरची भांडणं मैदानावरच मिटावीत म्हणून कुणीतरी शहाण्यानं हे पाडलं असेल. वसंतराव उपसलेला प्रत्येक खिळा रुमालानं पुसायचे आणि सगळे खिळे ओळीनं मांडायचे, टोकं दौंडच्या दिशेला. मी चिडवायचो, "घरचा रस्ता दाखवताय का त्यांना?" ते म्हणायचे, "रेल्वेचा माणूस आहे, वस्तू ओळीत लागते."

सीझनची शेवटची मॅच होती. दौंडला जिंकायला दोन धावा हव्या होत्या, शेवटची ओव्हर साहेबरावांची, तिचे पाच बॉल झाले होते, समोर वसंतराव. तेवढ्यात स्टेशनवरचा पोर्टर धावत आला. दौंडहून फोन होता. ड्युटीवरचा गार्ड आजारी पडलाय, वसंतरावांना लगेच बोलावलंय, पॅसेंजर दौंडकडे निघायच्या बेतात आहे.

"एकच तर ऱ्हायलाय," साहेबराव म्हणाले. "खेळून जावा की."

वसंतरावांनी क्षणभर विचार केला. मग बॅट काखेत घेतली. "तुमचा बॉल घाईत खेळायचा नाही मला. पुढच्या रविवारी येतो. राहू द्या मॅट अशीच. आपण दोघं मिळून काढू."

साहेबरावांनी मान हलवली. आम्ही सगळे म्हणत होतो की मॅट काढून घेऊ, गुरं येतील, कुणी उचलून नेईल. त्यांचं एकच, "शेवटचा बॉल पडल्याबिगर मॅट काढायची कशी?" आणि घोंगडी आणून ते मॅटच्या शेजारी माळावरच झोपले.

पहाटे दौंडकडून मालगाडी आली. साहेबराव उठून उभे राहिले. शेवटचा डबा गार्डचा. त्याच्या दारात वसंतराव उभे होते आणि त्यांनी बॅट वर केली, असं साहेबरावांनी मला सकाळी आनंदानं सांगितलं. मी पहिल्या गाडीला निघालो होतो, ते एसटीच्या खिडकीपाशी येऊन सांगत होते. दुपारी परतलो तेव्हा गावात बातमी आली होती. पुढच्या स्टेशनात गाडी थांबल्यावर वसंतराव डब्यात बसल्या जागी गेलेले सापडले. छातीचा झटका. डॉक्टर म्हणाले, जीव दौंड सोडल्यावर लगेचच गेला असावा, खुटबाव यायच्या कितीतरी आधी.

मी साहेबरावांना समजावलं. गाडीच्या हिसक्यानं हात हलला असेल, अंधुक होतं, तुम्ही झोपेतून उठला होतात.

"हात न्हवता, कंडक्टर. बॅट व्हती."

वसंतरावांची बॅट त्यांच्या पिशवीत सापडली होती, चेन लावलेली. हे मला त्यांच्या मेव्हण्यानंच सांगितलं. ते मी साहेबरावांना सांगितलं नाही.

मॅट शेवटी काढावी लागली, पाऊस जवळ आला होता. आपल्या टोकाचे खिळे साहेबरावांनी उपसले. पलीकडच्या टोकाला त्यांनी हात लावला नाही, ते मी उपसले. मॅट त्यांनी गुऱ्हाळाच्या माळ्यावर ठेवली आणि तो चेंडू धोतराच्या धडप्यात बांधला. पुढच्या सीझनला कॅप्टन बोलवायला गेला. शिरूरच्या एका टीमनंही माणूस पाठवला. साहेबरावांचं उत्तर ठरलेलं होतं.

"माजी वव्हर चालू हाय. ती मोडून दुसरी कशी सुरू करू?"

लोक हसले. मग कंटाळले. मग विसरले. आमच्या भागातला सगळ्यात अवघड बॉलर एका ओव्हरच्या मध्येच उभा राहिला आणि तसाच म्हातारा झाला. मला याचं मनापासून वाईट वाटायचं आणि रागही यायचा. मेलेल्या माणसासाठी इतकं अडून बसायचं? एकदा तसं बोललो. ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी येतो म्हणून सांगितलंय. मी टाकून मोकळा झालो तर ते आल्यावर काय खेळतील?"

पोरं त्या माळावर खेळत राहिली, सिमेंटची पट्टी झाली, टेनिसचा बॉल आला. पण रेल्वेच्या बाजूच्या, वसंतरावांच्या टोकाला कुणी टिकेना. चांगली चांगली पोरं तिथे उभी राहिली की अवघडायची. एकजण मला म्हणाला, "मामा, तिथं उभं ऱ्हायलं की कुणाच्या तरी पायावर पाय पडतोय आसं वाटतं." आप्पा संध्याकाळी माळावर यायचे, कडेला बसायचे आणि एखादं पोर त्या क्रीजवर मधोमध उभं राहिलं की हाक मारायचे, "बाळा, जरा सरकून ऱ्हा. जागा हाय का बघ आधी." पोरं सरकायची. मालगाडी गेली की ते उठून उभे राहायचे आणि शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर बसायचे.

यंदा माळ विकला गेला. चुना मारलेले दगड रोवले, प्लॉटिंगचा बोर्ड लागला, कासुर्डीकडून जेसीबी आला. आप्पांचा उजवा हात त्या सुमारास थरथरायला लागला होता. एका दुपारी ते माझ्या दारात आले. हातात तो धडपा होता.

"कंडक्टर, भिताड घालायला लागलेत. आता जागाच ऱ्हाणार न्हाई. मॅट आंथरू. तुमी मागं बसा."

"आप्पा, माझे गुडघे गेलेत."

"माजा हात गेलाय. येवढं करा." मग खाली बघत म्हणाले, "टाकला की संपलं, ते कळतंय मला. पर त्यांना तरी किती वर्सं उभं ठिवायचं?"

मी उठलो. ट्रंकेतले ग्लोव्हज काढले, उंदरांनी कुरतडलेले.

ऊन कलल्यावर आम्ही मॅट अंथरली. टेम्पोवाल्यानं ती माळावर आणून टाकली आणि तो निघून गेला. काथ्या जागोजागी झिजला होता, पण दरवर्षी ऊन दाखवल्यामुळे टिकला होता. रेल्वेच्या बाजूचे खिळे मी ठोकले. एक घाव चुकला आणि माझ्या अंगठ्याला लागला, नखाखाली रक्त साकळलं. तो डाग अजून आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ते खिळे मी स्वतः ठोकले होते आणि पक्के ठोकले होते.

आप्पांनी मॅटवरून तळवा फिरवला. मग आपल्या जागेवर गेले. मी स्टंपांच्या मागे कसाबसा बसलो. माळावर तिसरं कुणी नव्हतं. ऊन माझ्या पाठीवर होतं आणि माझी सावली स्टंपांवरून पुढे मॅटवर पडली होती.

आप्पा हात वर करून थांबले. बराच वेळ मॅटकडे बघत राहिले.

"कंडक्टर, जरा डावीकडं सरका," ते म्हणाले. "सावल्या मिसळत्यात."

मी सरकलो. मॅटकडे बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं.

बॉल आला. इतक्या वर्षांनी, थरथरत्या हातातून, तोच संथ बॉल. वर गेला, एका जागी थबकला, मग पडला. पडून आत वळायचा तो बॉल, मधल्या स्टंपावर येणारा. मी हात तिथेच नेले होते. आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, बारीक आवाज झाला. टिक. ज्यानं कधी कीपिंग केलंय त्याला तो आवाज सांगावा लागत नाही. चेंडूनं दिशा बदलली, माझे हात आपोआप उजवीकडे गेले, आणि चेंडू ग्लोव्हजमध्ये बसला.

मी ओरडलो. "हाऊज दॅट!" रिकाम्या माळावर, सत्तरीच्या घरातला मी, घसा फोडून ओरडलो.

आप्पा अंपायरच्या जागेकडे वळले. तिथे कुणी नव्हतं. ते नेहमीसारखे उभे राहिले, साहेबासमोर उभे राहावं तसे. मग त्यांची मान हळूच हलली. ते मॅटला वळसा घालून या टोकाला आले, वरच्या खिशातून पुडी काढली, उघडली आणि हात पुढे केला.

"घ्या, वसंतराव. कमवायला लई वर्सं लागली."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि चेहरा हसत होता. थोड्या वेळानं त्यांनी हात मागे घेतला. पुडी रिकामी होती का, त्यांनी खडा खाली ठेवला का, हे मी बघितलं नाही. मी बूट बघत होतो.

"चला, मॅट काढू," ते म्हणाले आणि आपल्या टोकाला जाऊन खिळे उपसायला वाकले. मी पहार उचलली. त्यांनी तिकडूनच हात केला. "तुमी ऱ्हाऊ द्या. तिकडचं त्यांचं हाय."

मला एकदम राग आला. भीतीचाच असणार. "पुरे आता आप्पा!" म्हणत मी मॅटच्या टोकाशी गेलो.

खिळे निघालेले होते. बाजूला मुरुमावर ओळीनं मांडलेले, माती पुसलेले, टोकं दौंडच्या दिशेला.

मी पहार तिथेच टाकली आणि स्कूटरकडे चालू लागलो. आप्पांना बसवून घरी सोडायचं आहे, म्हणून स्कूटर चालू करायला चाललोय, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला तिथून लांब जायचं होतं. किक मात्र मारली नाही. मागून आप्पांचा आवाज येत होता, बोलल्यासारखा, मध्ये थांबून ऐकल्यासारखा, मग पुन्हा बोलल्यासारखा. एकदा ते मोठ्यानं हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं.

मग मी वळून बघितलं. आप्पा माळ उतरून लाइनच्या दिशेनं चालले होते. मॅटच्या गुंडाळीचं पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर होतं. चुना मारलेल्या दगडांना वळसा घालत, मागच्या माणसाला वळायला जागा देत, ते सावकाश चालले होते. त्यांच्या मागे कुणी नव्हतं. गुंडाळीचं मागचं टोक मात्र जमिनीला टेकलेलं नव्हतं. ते त्यांच्या खांद्याच्या उंचीवर होतं आणि त्यांच्या पावलांबरोबर वरखाली होत होतं.